रिमोट डेस्कटॉप फास्ट करायचाय: डिस्प्ले सेटिंगच्या नोंदी

४ मे

दूरच्या मशीनची स्क्रीन इकडे आणून त्यावर काम करायचं म्हणजे रिमोट डेस्कटॉप. सेटअप आधी सांगतो. तिकडचं मशीन दमदार आहे, विंडोज ११ प्रो, बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड, २५६० बाय १४४० चे दोन मॉनिटर. इकडे माझ्यासमोर जुना दोन कोरवाला लॅपटॉप, स्क्रीन १३६६ बाय ७६८. मधे इंटरनेट, पिंग (पाकीट जाऊन परत यायला लागणारा वेळ) ४० मिलिसेकंदाच्या आसपास. जोडणी विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपने म्हणजे आरडीपीने, वायरगार्ड या व्हीपीएनच्या टनेलमधून. आरडीपीचा ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा ठेवायचा नाही, २०१९ मध्ये आरडीपीत ब्लूकीप नावाचं भगदाड सापडल्यानंतर तर अजिबात नाही. आणि तिकडे विंडोज होम असेल तर आरडीपीने आत शिरताच येत नाही, प्रो लागतंच, तेव्हा ते आधी बघून घ्या.

तक्रार तीच जी सगळ्यांची असते. टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं, स्क्रोल केलं की पान तुकड्यातुकड्याने येतं, विंडो ओढली की ती मागून येते.

"सगळं मिनिममवर टाक" हा सल्ला जिथे विचाराल तिथे मिळतो. करून बघितलं. वॉलपेपर गेला, अक्षरं दातेरी झाली, खिडक्या जुन्या जमान्यातल्या दिसायला लागल्या आणि टाइपिंगचा उशीर होता तिथेच. म्हणजे दुखणं नक्की कुठे आहे ते न बघता औषध चाललंय. सगळं परत डिफॉल्टवर आणलं, आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मोजायची.

मोजायला कुठलंही सॉफ्टवेअर नको. फोनचा स्लो मोशन कॅमेरा २४० फ्रेमवर लावायचा, कीबोर्ड आणि स्क्रीन दोन्ही चौकटीत येतील असा ठेवायचा, मग व्हिडिओ पुढे सरकवत बोट आपटल्यापासून अक्षर दिसेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. एक फ्रेम म्हणजे ४ मिलिसेकंदापेक्षा किंचित जास्त. रिमोटवर आकडा आला ५५ फ्रेम, म्हणजे जवळपास २३० मिलिसेकंद. त्याच लॅपटॉपवर लोकल नोटपॅडमध्ये टाइप केलं तर २० फ्रेम, हे ८३ मिलिसेकंद लॅपटॉपचं स्वतःचं, त्याला कुठलीच सेटिंग काही करू शकत नाही. त्यात पिंगचे ४० मिळवले तरी शंभरेक मिलिसेकंद शिल्लक राहतात. ते शंभर कुठे जातात, तेवढंच शोधायचंय.

५ मे

पहिला नंबर रिझोल्यूशनचा, कारण इथे गणित सरळ आहे. १९२० बाय १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट धरले तर एक पूर्ण चित्र ८३ लाख बाइटच्या घरात. कॉम्प्रेशन नसेल तर १० एमबीपीएसच्या लाइनवर एक चित्र यायला साडेसहा सेकंद लागतील. अर्थात कॉम्प्रेशन असतं आणि बदललेला भागच पाठवला जातो, पण पिक्सेल जितके जास्त तितकं तिकडे एन्कोड (चित्र दाबून बांधणं) आणि इकडे डिकोड (ते परत उलगडणं) करायचं काम जास्त, हे काही सुटत नाही. फोर के म्हणजे बरोब्बर चौपट. १६०० बाय ९०० केलं तर १०८० च्या सत्तर टक्केच.

माझ्याकडे काय चाललं होतं बघा, जोडणीच्या सेव्ह केलेल्या फाइलमध्ये साइज २५६० बाय १४४० आणि स्मार्ट सायझिंग चालू. म्हणजे ३७ लाख पिक्सेल तिकडून यायचे, हा गरीब लॅपटॉप ते सगळे डिकोड करायचा आणि मग दाबून साडेदहा लाखात बसवायचा, त्यात अक्षरंही पुसट. स्मार्ट सायझिंग बंद केलं, साइज लॅपटॉपच्या स्क्रीनएवढीच ठेवली, १३६६ बाय ७६८. ५५ वरून ४७ फ्रेम. शिवाय अक्षरं धारदार झाली हा बोनस.

जागा कमी पडते हे खरंय. एक्सेलचे कॉलम कमी दिसतात. तिकडे डिस्प्ले स्केल १०० टक्क्यांवर आणून थोडं भागवलं.

७ मे

आरडीपीच्या जोडणीच्या खिडकीतला एक्स्पीरियन्स टॅब. सगळे ट्यूटोरियलवाले इथूनच सुरुवात करतात, मी मुद्दाम मागे ठेवला होता.

वरच्या ड्रॉपडाउनमध्ये मॉडेमपासून लॅनपर्यंत पर्याय आहेत आणि शेवटी "ऑटो डिटेक्ट". ऑटोवर असलं की खालच्या टिका आपल्या हातात राहत नाहीत, म्हणून आधी तिथून बाहेर यायचं, लो स्पीड ब्रॉडबँड निवडायचं आणि मग एकेक टिक बघायची. ड्रॉपडाउनमधलं नाव म्हणजे टिकांचा तयार संच, ते निवडल्याने लाइन काही फास्ट होत नाही.

वॉलपेपर: टाइपिंगला शून्य फरक. कळायला सोपं आहे, स्थिर चित्र एकदा आलं की परत येत नाही. फरक पडतो तो विंडो हलवताना, मागचं चित्र उघडं पडतं तेव्हा. बंद ठेवला.

विंडो ओढताना आतला मजकूर दाखवणे: बंद. हा खरा फायदा, ओढताना फक्त चौकट हलते, सोडलं की एकदाच चित्र येतं. मेनू आणि विंडो ॲनिमेशन: बंद, यातही दुमत नाही, फेड होत होत उघडणारा मेनू म्हणजे एका कामासाठी आठ-दहा फ्रेम.

फॉन्ट स्मूदिंग: सगळे बंद करायला सांगतात. मी चालू ठेवलंय. बंद केल्यावर वाचायला इतका त्रास होतो की दिवसभर काम करायचं असेल तर ती बचत अंगाशी येते, आणि मोजलं तर फ्रेममध्ये फरक दिसला नाही.

पर्सिस्टंट बिटमॅप कॅशिंग: ही टिक कधीच काढायची नाही. आधी येऊन गेलेले चित्राचे तुकडे लोकल डिस्कवर राहतात, पुन्हा जोडणी केली की तेच वापरले जातात. "सगळ्या टिका काढा" वाल्या सल्ल्यात हीसुद्धा निघते, मग उलटंच होतं.

या टॅबचा एकूण परिणाम असा: टाइपिंग ४७ वरच, पण विंडो हलवणं आणि मेनू डोळ्याला दिसेल इतकं सुधारलं. शंभरातले तीस-पस्तीस मिलिसेकंद रिझोल्यूशनने काढले, बाकीचे इथे नव्हतेच.

८ मे

कलर डेप्थ. ३२ बिटवरून १६ बिट. हिशोबाने अर्धा डेटा व्हायला हवा ना? फ्रेम ४७ च्या ४७. कॉम्प्रेशननंतर जाणारा डेटा टास्क मॅनेजरमध्ये बघितला तर तिथेही डोळ्यात भरेल असं काही नाही. आरडीपीचे आताचे कोडेक (चित्र दाबायच्या पद्धती) ३२ बिट धरूनच बनवलेत, सपाट पांढरं पान कितीही बिटचं असलं तरी दाबून एवढंसंच होतं. मिळालं काय तर ग्रेडियंटवर पट्टे. ३२ वर परत. व्हीएनसी या दुसऱ्या रिमोट पद्धतीची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे येईल.

आवाज "प्ले करू नका" वर टाकला, प्रिंटर रीडायरेक्शन बंद. हे डिस्प्लेचं नाही, पण त्याच लाइनवरून जातं.

१० मे

आजची नोंद मोठी आहे कारण आज नेम धरून काम झालं.

तिकडच्या विंडोजमध्ये परफॉर्मन्स मॉनिटर उघडायचा आणि "रिमोटएफएक्स ग्राफिक्स" नावाचे काउंटर जोडायचे. हे फारसं कुणी सांगत नाही, आणि सगळं उत्तर इथेच आहे. इनपुट फ्रेम सेकंदाला किती तयार झाल्या, आउटपुट किती गेल्या, एका फ्रेमला सरासरी एन्कोडिंग वेळ किती, आणि सगळ्यात कामाचे तीन काउंटर: सोडून दिलेल्या फ्रेम, कारणासकट. कारणं तीनच, सर्व्हर (तिकडचं मशीन) कमी पडला, नेटवर्क कमी पडलं, क्लायंट (इकडचा लॅपटॉप) कमी पडला. एन्कोडिंगचा वेळ ३३ मिलिसेकंदाच्या आत असला पाहिजे. माझा त्याच्या खूप खाली होता, म्हणजे तिकडचं मशीन निर्दोष.

स्क्रोल करत बसलो आणि काउंटर बघत राहिलो. सर्व्हर शून्य. नेटवर्क मधूनच वर उडी मारतं, मग शून्य. क्लायंट मात्र सतत. म्हणजे हा लॅपटॉप! लाइनला शिव्या घालत होतो आणि घरातलाच धापा टाकत होता. टास्क मॅनेजर उघडला तर दोन्ही कोर नव्वदीत, प्रोसेसरचा क्लॉक मात्र खाली बसलेला, कारण पॉवर मोड बॅटरी वाचवण्यावर. चार्जर लावून बेस्ट परफॉर्मन्स केलं, ब्राउझरचे टॅब बंद केले. ४७ वरून ४३.

नेटवर्कच्या त्या उड्यांचं काय, तर सलग पिंग लावून ठेवला. सरासरी ४० दिसते पण मधेच १२०, मधेच ९०. राउटरला पिंग केला तर तिथेच उड्या, म्हणजे बाहेरच्या लाइनचा दोष नाही, वायफायचा. २.४ गिगाहर्ट्झवर होतो. केबल लावली, उड्या गेल्या. टाइपिंग ४१ वर आलं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दर वेळी ४१ च्या आसपासच येतं, आधी कधी ३८ तर कधी ७० यायचं. माणसाला उशिराची सवय होते, पण उशीर दर वेळी वेगळा असला की डोकं फिरतं.

केबलची सोय नसेल तर निदान ५ गिगाहर्ट्झ घ्या.

१२ मे

एव्हीसी ४४४ चा प्रयोग, म्हणजे एच.२६४ या व्हिडिओ कोडेकवर पूर्ण स्क्रीन, रंगाच्या पूर्ण माहितीसकट. विंडोज १० आणि सर्व्हर २०१६ पासून आलेली सोय. तिकडच्या मशीनवर ग्रुप पॉलिसीत, रिमोट सेशन एन्व्हायर्नमेंटखाली दोन नोंदी आहेत, एक एच.२६४ ४४४ ला प्राधान्य द्यायची आणि दुसरी हार्डवेअर एन्कोडिंगची. दोन्ही चालू केल्या. चालू झालं की नाही हे अंदाजाने ठरवू नका, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये आरडीपी कोअर टीएसच्या ऑपरेशनल लॉगमध्ये १६२ नंबरचा इव्हेंट बघा, त्यात प्रोफाइल २०४८ दिसलं की ४४४ चालू. १७० नंबरमध्ये हार्डवेअर एन्कोडर १ दिसला पाहिजे.

दोन्ही दिसले. आणि टाइपिंग ४१ वरून ५२ वर गेलं.

काउंटर सांगतच होते, क्लायंट कमी पडतोय. ४४४ मध्ये रंगाची पूर्ण माहिती पाठवायला दोन ४२० स्ट्रीम जातात, ज्या मशीनला एच.२६४ चं हार्डवेअर डिकोडिंग नीट जमतं त्याला काही वाटत नाही, माझ्या लॅपटॉपचं सगळं प्रोसेसरवर आलं. दुसरा नवीन लॅपटॉप थोडा वेळ मागून घेतला, तीच सेटिंग, तीच लाइन, त्यावर व्हिडिओसुद्धा लोण्यासारखा. म्हणजे "४४४ चालू करा, फास्ट होतं" हे वाक्य अर्धंच आहे, कुणाच्या लॅपटॉपवर ते विचारा.

रंगाचं थोडं सांगतो कारण पुढे लागेल. ४२० मध्ये उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची असते पण रंगाची चार पिक्सेल मिळून एक. फोटोला कळत नाही. काळ्या टर्मिनलवर लाल बारीक अक्षरं असतील तर मात्र कडा माखल्यासारख्या दिसतात. कोड लिहिणाऱ्याने आणि एक्सेलमध्ये लाल आकडे बघणाऱ्याने, कुठलंही रिमोट ॲप असो, ही कसोटी आधी लावावी.

पॉलिसी दोन्ही बंद. परत ४१.

१३ मे

आरडीपीला सेकंदाला ३० फ्रेमची मर्यादा असते. तिकडच्या रजिस्ट्रीत, टर्मिनल सर्व्हरखाली विनस्टेशन्स मध्ये, डीडब्ल्यूएमफ्रेमइंटरव्हल नावाची डीवर्ड प्रकारची नोंद बनवून तिला दशमान १५ किंमत दिली की मर्यादा ६० होते. मशीन रीस्टार्ट करावं लागतं. रीस्टार्टआधी तिकडे कुणी आहे का बघा, मशीन परत उठलं नाही तर बटण दाबायला माणूस लागतो.

४१ वरून ३७. का ते सरळ आहे, पुढच्या फ्रेमची वाट ३३ मिलिसेकंदाऐवजी १६ च बघावी लागते. पण स्क्रोल करताना क्लायंटवाल्या सुटलेल्या फ्रेम वाढल्या. टाइपिंगसाठी ठेवलंय, कमकुवत लॅपटॉपवर हे सगळ्यांना मानवेल असं नाही.

१५ मे

आज पूर्ण संध्याकाळ एका भलत्याच गोष्टीत गेली. स्क्रीन पाच-सात सेकंद गोठायची आणि मग सगळं एकदम धावत यायचं. डिस्प्ले सेटिंग परत एकेक तपासली, काही नाही.

आरडीपी ८ पासून टीसीपीबरोबर यूडीपीही वापरतं (टीसीपी हरवलेलं पाकीट परत पाठवत बसतं, यूडीपी त्यासाठी थांबत नाही). फुल स्क्रीनच्या वरच्या पट्टीत सिग्नलच्या कांड्यांचं चिन्ह असतं, त्यावर क्लिक केलं की यूडीपी चालू आहे का ते लिहून येतं. चालू होतं. शंका टनेलवर गेली, वायरगार्डचा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) साधारण १४२० असतो, वाटेत कुठेतरी त्याहून लहान पाकीटच जात असणार. खात्री करायला क्लायंटवर "टर्न ऑफ यूडीपी ऑन क्लायंट" ही पॉलिसी लावली, गोठणं बंद. पण तेवढ्यावर थांबायचं नव्हतं, पाकिटं गळणाऱ्या लाइनवर यूडीपीच बरं चालतं. पॉलिसी काढली, दोन्हीकडे टनेलचा एमटीयू १२८० केला. यूडीपी चालू आणि गोठणं नाही.

तुमच्याकडे ओपनव्हीपीएन टीसीपी मोडमध्ये असेल तर आधी ते यूडीपीवर न्या, टीसीपीत टीसीपी घातलं की एक पाकीट हरवल्यावर दोन्ही थर आपापले परत पाठवायला लागतात.

१८ मे

आता दुसरं, लिनक्सवालं मशीन. एक्सएफसीई डेस्कटॉप, टायगरव्हीएनसी हे व्हीएनसीचं सॉफ्टवेअर, एसएसएचच्या (सुरक्षित जोडणीच्या) टनेलमधून.

इथे नियम बदलतात. व्हीएनसीचा मूळ स्वभाव मागून घेण्याचा आहे, क्लायंट म्हणतो "पुढचं दे", मग सर्व्हर देतो. प्रत्येक अपडेटला एक फेरी, त्यामुळे पिंग जास्त असला की नुसत्या रंग कमी करण्याने काही होत नाही. कंटिन्युअस अपडेट्स नावाची नंतरची भर आहे, दोन्ही टोकांना ती असेल तर ही वाट बघणी जाते. टायगरव्हीएनसी दोन्हीकडे घेतलं की हा प्रश्न सुटतो, एकीकडे जुनाट व्ह्यूअर असला की नाही.

व्ह्यूअरमध्ये ऑटो सिलेक्ट बंद केलं आणि टाइट नावाचं एन्कोडिंग निवडलं. कॉम्प्रेशन लेव्हल ० ते ९, डिफॉल्ट २. नऊवर टाकली तर डेटा थोडासाच कमी झाला आणि तिकडचा प्रोसेसर चढला, स्क्रोल जड. परत २ वर. जेपेग क्वालिटी डिफॉल्ट ८ असते, ती ६ वर आणली, तिथे फरक जाणवतो आणि वाचताही येतं. ३ वर अक्षरांभोवती मुंग्या आल्यासारखं होतं. कमी रंगाच्या मोडमध्ये २५६, ६४ आणि ८ रंग मिळतात. २५६ वर डेटा खरंच उतरला, फक्त टर्मिनल बघायचं असेल आणि लाइन अगदीच मेलेली असेल तर उपयोगी, एरवी ८ रंगांचा डेस्कटॉप बघवत नाही.

एसएसएचला स्वतःचं कॉम्प्रेशन लावायचा पर्याय असतो, तो काढून टाकला. आधीच दाबलेलं परत दाबून काहीच मिळत नाही, प्रोसेसर तेवढा गरम होतो.

सगळ्यात मोठी सुधारणा मात्र व्ह्यूअरमध्ये नव्हतीच. एक्सएफसीईच्या विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये कंपोझिटर बंद केला, सावल्या आणि पारदर्शकता गेली, वॉलपेपरच्या जागी सपाट रंग. विंडो ओढणं लगेच सुधारलं.

१९ मे

त्याच धाग्याने विंडोजवर परत गेलो. पाठवायचं कमी करण्यापेक्षा बदलणारंच कमी केलं तर? तिकडच्या ब्राउझरमध्ये स्मूद स्क्रोलिंग बंद केलं. चाकाच्या एका खटक्याला आधी पान घसरत घसरत थांबायचं, प्रत्येक घसरणीचा वेगळा फ्रेम, आता एक उडी आणि संपलं. विंडोजच्या ॲक्सेसिबिलिटीतलं ॲनिमेशन आणि ट्रान्स्परन्सी बंद. हलत्या जाहिराती असलेली पानं उघडी ठेवायची नाहीत, कोपऱ्यात नाचणारी एक जाहिरात लाइन सतत खात राहते.

स्क्रोलसाठी आजवर केलेल्या सगळ्यात हा एकच बदल मी कुणालाही डोळे झाकून सांगेन.

दुपारी अचानक सगळं परत रखडलं, पिंग ३०० च्या वर. तिकडे क्लाउड बॅकअप सुरू झाला होता. लक्षात घ्या, चित्र तिकडून निघतं म्हणजे लागतो तो तिकडचा अपलोड, आणि लोक मोजतात इकडचा डाउनलोड. अपलोड तुंबला की राउटरमध्ये रांग लागते, आपली फ्रेम त्या रांगेत शेवटी. बॅकअपला वेगमर्यादा घातली. राउटर ओपनडब्ल्यूआरटी या फर्मवेअरवर असेल तर केक किंवा एफक्यू कोडेल (रांग आटोक्यात ठेवणाऱ्या सोयी) लावून हे मुळातूनच बरं होतं.

२२ मे

रेडीमेड ॲप वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. एनीडेस्कमध्ये "बेस्ट रिॲक्शन टाइम", टीमव्ह्यूअरमध्ये "ऑप्टिमाइझ स्पीड", रस्टडेस्कमध्ये "ऑप्टिमाइझ रिॲक्शन टाइम", हे तिन्ही एकाच जातीचे पर्याय, क्वालिटी खाली आणून उत्तर लवकर द्यायचं. रस्टडेस्कमध्ये कोडेकही निवडता येतो, व्हीपी ८, व्हीपी ९, एव्ही १, आणि हार्डवेअर असेल तर एच.२६४, एच.२६५. एव्ही १ कमी डेटात चांगलं चित्र देतं, पण जुन्या लॅपटॉपवर तेच दुखणं जे ४४४ ला झालं. लाइन बारीक आणि मशीन तगडं असेल तर एव्ही १, उलटं असेल तर व्हीपी ८ किंवा हार्डवेअरवाला एच.२६४.

आणि जोडणी थेट आहे की रिलेमधून, ते सेटिंगला हात लावायच्या आधी बघा. रिलेमधून असेल तर चित्र आधी कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरला जाऊन येतं, तिथे क्वालिटी कितीही खाली आणा, पिंग तेवढाच.

हे ॲप प्रत्यक्ष मॉनिटरवरचं चित्र उचलतात, आरडीपीसारखी वेगळी स्क्रीन बनवत नाहीत. त्यामुळे तिकडचा मॉनिटर १४४० चा असेल तर तितकंच येणार, रिझोल्यूशन तिकडेच उतरवावं लागतं. मॉनिटरच जोडलेला नसेल तर रिझोल्यूशन निवडताच येत नाही असंही होतं, त्याला मॉनिटर असल्याचं भासवणारा एचडीएमआयचा डमी प्लग लावायचा.

२५ मे

आता जे चालू आहे ते. आरडीपीच्या दोन वेगळ्या फाइल सेव्ह केल्यात. रोजची: १३६६ बाय ७६८, स्मार्ट सायझिंग बंद, ३२ बिट, फॉन्ट स्मूदिंग आणि बिटमॅप कॅशिंग चालू, बाकी टिका बंद, आवाज बंद. मोबाइल हॉटस्पॉटसाठी दुसरी: १२८० बाय ७२०, फॉन्ट स्मूदिंगसुद्धा बंद, बाकी तीच. फाइल नोटपॅडमध्ये उघडून ऑटो डिटेक्टची ओळ ० आहे ना तेही बघितलं, नाहीतर पुढच्या वेळी ते स्वतःचंच चालवतं.

टाइपिंग ३७ फ्रेम, म्हणजे १५४ मिलिसेकंद. लॅपटॉपचे ८३ आणि पिंगचे ४० वजा केले तर शंभरातले तीसेक उरलेत. त्यातले निम्मे पुढच्या फ्रेमची वाट बघण्याचे, उरलेले एन्कोड-डिकोडचे, आणि डिकोडचे या लॅपटॉपवर कमी होणार नाहीत. खर्च म्हणाल तर एक नेटवर्क केबल.

दोन्ही मॉनिटर एकदम वापरायचं अजून बाकी आहे. त्याला हा लॅपटॉप पुरणार नाही हे काउंटरने सांगून झालंय, नवीन हातात आला की ४४४ परत चालू करून फ्रेम मोजेन आणि इथेच खाली लिहीन.